तुमची गाणी कोणत्या साली थांबली?

परदेशातल्या मराठी माणसाने भारत कधी सोडला, हे त्याला विचारावं लागत नाही. त्याच्या गाडीत बसावं आणि कोणती गाणी लागतात ते ऐकावं. सत्तरच्या दशकात आलेल्या मंडळींकडे बाबूजी, आशाबाई आणि हृदयनाथ. ऐंशीच्या दशकात आलेल्यांकडे अरुण दात्यांचा ‘शुक्रतारा’ आणि भीमसेनजींची अभंगवाणी. नव्वदच्या उत्तरार्धात कॉम्प्युटरच्या लाटेबरोबर आलेले आमच्यासारखे लोक ‘गारवा’ घेऊन उतरले. २००३ नंतरच्यांकडे ‘आयुष्यावर बोलू काही’, आणि २०१६ नंतर आलेल्या तरुण जोडप्यांकडे ‘सैराट’. विमानातून उतरल्यावर आपण मनगटावरचं घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास मागे नेलं आणि ते चालू राहिलं. गाण्यांचं घड्याळ मात्र त्याच दिवशी बंद पडलं. ते बंद आहे हे पुष्कळांच्या लक्षातही आलेलं नाही.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडायचा आणि घरचा फोन महिन्यातून एकदा परवडायचा, तेव्हा ह्याच गाण्यांनी सोबत केली. माणूस अशा सोबतीला जपणारच. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपल्या मुलांना मराठी गाणं म्हणजे आजीची पैठणी वाटू लागलं. सुंदर, जुनी, कपाटात ठेवायची आणि गणपतीत एकदा बाहेर काढायची. उलट मुलं जे ऐकतात तो सगळा धांगडधिंगा, असं आपण ठरवून बसलो. म्हणजे एकाच घरात, एकाच छताखाली, दोन पिढ्यांनी एकमेकांचं न ऐकताच निकाल देऊन टाकलेला!

ही कोंडी फोडायला आमच्या डेट्रॉईटच्या परिसरातल्या आठ घरांनी गेली काही वर्षं एक साधा उद्योग चालवला आहे. त्यात जे दिसलं ते इतर गावांतल्या वाचकांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आठ घरं, एक बेसमेंट

दर दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी आम्ही कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो. नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, सगळे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरचे. आधी पॉटलक, मग गाणं. एका घराने एक नवीन अल्बम आणायचा आणि सगळ्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, दिलेल्या क्रमाने ऐकायचा. मराठी, हिंदी, शास्त्रीय, इंग्रजी, रॅप, कंट्री, काहीही चालतं. अट एवढीच, की तो गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेला असावा. कार्यकारिणी नाही, वर्गणी नाही, स्वागतपर भाषणं नाहीत. त्यामुळे उपक्रम टिकला असावा!

नियम मात्र आहेत, आणि ते अनुभवातून आले. ऐकताना फोन जिन्यावरच्या टोपलीत. संपल्यावर दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग सगळ्यांत लहान असेल त्याने आधी मत द्यायचं, कारण मोठे आधी बोलले की लहान गप्प बसतात, हे आपल्या घरोघरचं चित्र. नावडलं तरी चालेल, पण आवडलेली निदान एक जागा सांगितल्याशिवाय टीका करायची नाही. आणि शेवटचा नियम : ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द उच्चारले की बरणीत एक डॉलर टाकायचा. त्या बरणीतून आजवर कित्येकदा सामोसे आले आहेत. सर्वांत मोठे देणगीदार कोण, ते सांगत नाही. पण ते इथे १९७१ साली आलेले आहेत.

बॅन्जो आणि पेटी

सगळ्यांत जोरदार भांडण झालं ते एका अमेरिकन अल्बमवरून. बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ मार्च २०२४ मध्ये निघाला. सत्तावीस भाग, सव्वा तासाहून जास्त लांबी. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने तो आणला. मोठ्यांपैकी निम्म्यांना बियॉन्से नावापुरती माहीत, आणि कंट्री म्हणजे ट्रकवाले आणि काउबॉय ऐकतात ते संगीत, एवढीच आमची समजूत. इतकी वर्षं मिशिगनात काढून आम्ही हे संगीत पेट्रोलपंपावर कानावर पडलं तेवढंच ऐकलेलं.

ऐकून झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, “आवाज चांगला आहे, पण हे कंट्री नव्हे. उगीच टोपी घालून फोटो काढलाय.” मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, अख्खा अल्बम त्याच वाक्याबद्दल आहे.” मग तिने जे सांगितलं ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. कंट्रीची खूण समजला जाणारा बॅन्जो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आला. या अल्बममध्ये तो वाजवला आहे रायनन गिडन्स यांनी, ज्यांनी या विसरलेल्या इतिहासासाठी आयुष्याची बरीच वर्षं दिली आहेत. लिंडा मार्टेल या सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर कंट्री गाणाऱ्या कृष्णवर्णीय गायिकेचा आवाजही त्यात आहे. आणि हा अल्बम निघाला त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत त्याला एकही नामांकन मिळालं नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच अल्बमला ग्रॅमीचं सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं, अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली.

वडील ऐकेनात. “शुद्धता नावाची काही चीज असते की नाही?” तेव्हा आमच्यातल्या एक मावशी, ज्या इथे पेटी शिकवतात, हळूच म्हणाल्या, “माझी पेटी कुठली हो?” पेटी युरोपातून आली. तिच्यावर श्रुती लागत नाहीत, मींड काढता येत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलं. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आणि आज पेटीशिवाय नाट्यसंगीताची बैठक डोळ्यांपुढे आणून दाखवा! परकं वाद्य आपलं होतं, आपलं वाद्य दुसऱ्याचं होतं. कोण कुणाला बाहेरचा म्हणणार?

बाप-लेकींचं एकमत त्या दिवशी झालं नाही, अजूनही झालेलं नाही. पण त्या घरात त्याआधी वर्षभर संभाषण म्हणजे गाडीचं ऑइल बदललंस का, ट्यूशन भरली का, एवढंच उरलं होतं. आता ती कॉलेजातून फोन करते तेव्हा दहा मिनिटं तरी गाण्यावर वाद होतो. वाद घालायला का होईना, दोघं एकमेकांनी पाठवलेलं ऐकतात. तिच्या आईने हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा बदलला होता.

खळेकाका ते ग्रॅमी

दुसरा प्रसंग उलट्या दिशेचा. ‘शक्ती’ या वाद्यमेळाचा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम २०२३ साली निघाला. त्यांच्या आधीच्या स्टुडिओ-अल्बमला, म्हणजे १९७७च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’ला, तेव्हा सेहेचाळीस वर्षं झाली होती. गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन, तबल्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, तालवाद्यांवर सेल्वागणेश, आणि गायला शंकर महादेवन.

हा अल्बम आणला एका तरुण जोडप्याने. ज्येष्ठ मंडळींनी आधीच नाकं मुरडली, की फ्यूजन म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं. पण शंकर महादेवन यांचा आवाज सुरू झाल्यावर ‘अभंगवाणी’ची पारायणं केलेले आमचे एक काका सावरून बसले. म्हणाले, “शब्द कळत नाहीत, पण ही सुराला अलगद टेकण्याची पद्धत ओळखीची वाटते.” मग कुणीतरी सांगितलं की चेंबूरमध्ये वाढलेल्या शंकर महादेवन यांनी श्रीनिवास खळे यांच्याकडे मार्गदर्शन घेतलं आहे. म्हणजे ज्या खळेकाकांनी भीमसेनजींच्या अभंगांना चाली दिल्या, तेच! काकांना केवढा आनंद झाला. आपल्या थांबलेल्या घड्याळापासून आजच्या ग्रॅमीपर्यंत एक सरळ वाट निघते, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. ती वाट नव्या अल्बममधूनच सापडली, जुनी कॅसेट शंभर वेळा ऐकून सापडली नसती.

या अल्बमला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्या एका रात्रीत झाकीरभाईंनी तीन ग्रॅमी घेतली. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले. त्या महिन्यात ठरलेला अल्बम बाजूला ठेवून आम्ही ‘धिस मोमेंट’ पुन्हा लावला. पहिल्या खेपेला ज्यांनी टीका केली होती, त्यांनीही त्या दिवशी तक्रार केली नाही. पण तबला शिकणारा आमचा बारा वर्षांचा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “मला अजूनही दोन भाग लांबलेले वाटतात.” नियमाप्रमाणे तो आधी बोलला होता, त्यामुळे कुणी त्याला गप्प करू शकलं नाही. ते बरंच झालं. माणूस गेला म्हणून मत बदलायचं, तर मग मताला अर्थ काय?

‘मी वसंतराव’ची गोष्टही अशीच. २०२२ साली आलेल्या या चित्रपटात राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली, संगीत दिलं आणि गायलेही. त्या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या ज्यांनी वसंतराव देशपांड्यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं, त्यांचं म्हणणं पडलं की तो बेबंदपणा यात नाही, हे जरा नीटनेटकं आहे. मुलांनी वसंतराव ऐकलेलेच नव्हते. त्यांना कथा भिडली ती वेगळीच. वर्षानुवर्षं संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात नोकरी करायची आणि गाणं जिवंत ठेवायचं, ही. एक मुलगा आपल्या वडिलांकडे वळून म्हणाला, “म्हणजे तुमच्यासारखं. दिवसा फोर्ड, रात्री बासरी.” वडिलांना काय बोलावं सुचेना. वसंतरावांशी तुलना आयुष्यात दुसऱ्यांदा होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं!

हैदराबादची चंदा

आरूज आफताब या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी गायिका. त्यांचा ‘नाइट रेन’ हा अल्बम मे २०२४चा. शब्द बहुतेक उर्दू, साथ हार्प आणि गिटारची, लय इतकी संथ की दोघांना डुलकी लागली. (पॉटलकमध्ये पुरणपोळी ठेवू नये, हा नवा नियम त्या दिवशी झाला.) मत विभागलं. काहींना ते एकसुरी वाटलं, काहींना ध्यानासारखं.

पण त्यातल्या दोन गाण्यांचे शब्द मह लका बाई चंदा यांचे आहेत, हे कळल्यावर मराठवाड्यातल्या एक मावशी एकदम जाग्या झाल्या. चंदा या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, हैदराबादच्या निजामाच्या दरबारातल्या कवयित्री. मराठवाडा १९४८ सालापर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होता. मावशींचे वडील उर्दू माध्यमात शिकलेले, हिशेब उर्दूत लिहिणारे. हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. ब्रुकलिनच्या एका नव्या अल्बममुळे परभणीकडची एक जुनी गोष्ट मिशिगनच्या बेसमेंटमध्ये बाहेर आली. आम्ही नंतर अर्धा तास गाणं सोडून त्यांच्या वडिलांबद्दलच बोलत होतो.

कँटनच्या शेजारचा शोध

सर्वांत लहान वयाच्या सभासदाने, म्हणजे नववीतल्या एका मुलाने, अल्बमऐवजी एक सुटं गाणं लावायची परवानगी मागितली. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ सालचं ‘तांबडी चामडी’. ठोक्यावर ठोका, त्यावर मराठी शब्द. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या नाचाच्या संगीतातल्या बड्या कंपनीने ते प्रकाशित केलं. आमच्या ज्येष्ठांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. बरणीत त्या दिवशी सात डॉलर जमले.

एक काका म्हणाले, “मराठीला हे परकं आहे.” मुलगा तयारीनेच आला होता. त्याने विचारलं, “काका, तुम्ही राहता कुठे?” काका म्हणाले, कँटन. “मग तुमच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर टेक्नो जन्माला आलं.” खरंच आहे ते. कँटनला लागूनच असलेल्या बेलव्हिलच्या शाळेत शिकलेल्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मुलांनी ऐंशीच्या दशकात टेक्नो संगीत घडवलं, आणि ते इथून युरोपभर गेलं. त्याचं भावंड असलेलं हाउस संगीत शिकागोच्या क्लबांत जन्मलं, इथून साडेचार तासांच्या ड्राइव्हवर. काका त्या रस्त्याने रोज कामाला जातात! मोटारी बनवणाऱ्या या गावात मोटाऊन झालं, हे आम्हाला निदान ऐकून माहीत होतं. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं ते छोटं घर पाहुण्यांना दाखवून आणायचं हेही ठरलेलं. पण ज्या संगीताच्या ठोक्यावर आज कुणी मराठी मुलं गाणं रचतात, ते आपल्या शेजारचं आहे, हे आम्हाला नववीतल्या मुलाने सांगावं लागलं.

गाणं काकांना त्यानंतरही आवडलं नाही. ते स्पष्ट म्हणाले, “माहिती आवडली, गाणं नाही.” आणि मुलानेही ते मान्य केलं. अशी मोकळी नावड आपल्याकडे दुर्मीळ. आपल्याकडे एकतर ‘वा वा’, नाहीतर पाठीमागे नावं ठेवणं. तोंडावर, प्रेमाने, कारण देऊन ‘मला हे पटलं नाही’ म्हणणं मुलांनी बघितलं, हे मला त्या गाण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

अख्खा अल्बम कशाला ऐकायचा?

हा प्रश्न मुलांनीच पहिल्या बैठकीत विचारला होता. आता गाणी सुटी मिळतात. आवडलं तर ठेवा, नाही तर पुढे. स्पॉटिफायवर तीस सेकंद गाणं चाललं की ते ‘ऐकलं’ अशी मोजणी होते, त्यामुळे सुरुवातीलाच पकडून ठेवण्याची धडपड वाढली आहे. आलाप, वादकांचा सुरुवातीचा तुकडा, हळूहळू उलगडणं, यांना वेळ कुठे?

पण तक्रार करण्याआधी आपला इतिहास आठवावा. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांनी त्या साडेतीन मिनिटांत राग उभा केला आणि तेच आपण अभिजात म्हणून जपतो. १९४८ साली एल.पी. आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि मग १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांना ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये काश्मिरी मेंढपाळाचा एक अख्खा दिवस रागांमधून सांगता आला. यंत्र जेवढी जागा देतं तेवढ्यात कलावंत घर बांधतो.

आणि मराठीतला सर्वांत थोर म्हणावा असा गीतसंग्रह तर आठवड्याला एक, असा सुटा सुटाच आला होता! ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६ला संपलं. छप्पन्न गीतं. लोक ते नवीन असताना ऐकत होते. पुढच्या आठवड्यात गदिमा काय लिहिणार, बाबूजी कोणता राग घेणार, यावर वाड्यावाड्यांत चर्चा होत असणार. आज आपण जे जुनं म्हणून डोक्यावर घेतो, ते कुणीतरी नवं असताना कान देऊन ऐकलं म्हणून जुनं होऊ शकलं. हे आम्ही मुलांना सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःलाही.

मजा अशी, की मुलांच्याच पिढीत उलटं वारं आहे. बिली आयलिशने ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ हा दहा गाण्यांचा अल्बम मे २०२४ मध्ये काढला. त्यातलं एकही गाणं आधी सुटं सोडलं नाही, कारण तो एकसंध ऐकला जावा ही इच्छा. पाऊण तासाच्या आत संपतो, आमच्या बैठकीला अगदी सोयीचा. आणि २०२२ साली अमेरिकेत एल.पी.ची विक्री संख्येने सी.डी.च्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. आपल्या डेट्रॉईटमध्येच थर्ड मॅन कंपनीचा तबकड्या दाबून काढण्याचा कारखाना २०१७ साली सुरू झाला. दुकानातल्या मोठ्या काचेतून ती यंत्रं चालताना दिसतात. आमच्या गटातल्या मोटार कंपन्यांच्या इंजिनिअरांना तिथे नेलं तर ते गाणी विसरून दाब, तापमान आणि साचा यांवरच बोलत राहिले. बायकांनी आणि मुलांनी शेवटी त्यांना ओढून बाहेर काढलं.

‘जागा’ म्हणजे काय हो?

सगळ्यांत मोठा फायदा आम्ही धरलेलाच नव्हता, तो भाषेचा. सुरुवातीला मुलांची मतं दोन-तीन इंग्रजी शब्दांत संपायची. मोठ्यांची दोन मराठी शब्दांत, ‘छान’ किंवा ‘ठीक’. पण दोन तास बोलायचं म्हटल्यावर शब्द लागतात. आणि गाण्यावर बोलायला मराठीत केवढा साठा आहे हे आमच्याच लक्षात नव्हतं! आवाज लागला, सूर टोचला, तान कोसळली, लय रेंगाळली, ठहराव आहे, पकड नाही, समेला अचूक आला, गाणं जमून आलं, गाणं उरकलं. पेटीवाल्या मावशींनी एकदा ‘काय सुंदर जागा घेतली’ म्हटलं, तेव्हा मुलांनी विचारलं, जागा म्हणजे पार्किंगची का? त्यांनी समजावलं, की ओळीत एखाद्या ठिकाणी गायक किंचित वळतो, अनपेक्षित स्वर लावतो आणि आपल्या तोंडून ‘अहाहा’ निघतं, ती जागा. इंग्रजीत यासाठी एका शब्दाचा नेमका पर्याय कुणालाच सापडला नाही.

त्यानंतर बिली आयलिशचा अल्बम ऐकताना एका सोळा वर्षांच्या मुलीने मध्येच हात वर करून म्हटलं, “इथे! ही जागा!” जी मुलगी रविवारच्या मराठी शाळेला तीन वर्षं कुरकुरत गेली आणि ‘मी जातो’ की ‘मी जाते’ यात अजून अडखळते, तिच्या तोंडी हा शब्द आपोआप आला, कारण तिला त्याची गरज पडली. मुलांना गरज पडेल अशी वेळ आपण किती आणतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

सगळं गोडच आहे असं नव्हे. दोन घरं गळाली. त्यांच्या मते रविवारची दुपार याहून उपयोगी कामात जावी, आणि तेही समजण्यासारखं आहे. मुलं मोठी होऊन गाव सोडतात, मग त्यांची खुर्ची रिकामी राहते. कधी अल्बम इतका रटाळ निघतो की दोन मिनिटांची शांतता खरी झोपेची ठरते. तरी आठाची सहा होऊन पुन्हा आठ झालेली ही घरं जमतात.

मंडळांना एक विनंती

हे घरगुती झालं. पण यातून मंडळांबद्दल एक गोष्ट मनात येते, ती मोकळेपणाने मांडतो. भारतातून कलाकार बोलावताना आपण हमखास टाळ्यांची गाणी मागतो. तीच नाट्यपदं, तीच भावगीतं, शेवटी तीच भैरवी. चार-पाच हजार मैलांवरून नव्हे, आठ हजार मैलांवरून आलेला तरुण संगीतकार स्वतःची नवी रचना पेटीतच ठेवून परत जातो, कारण ‘पब्लिकला माहीत नाही’. पब्लिकला माहीत होणार कधी? प्रत्येक कार्यक्रमात निदान वीस मिनिटं त्या कलाकाराच्या गेल्या एक-दोन वर्षांतल्या कामाला द्यावीत. तिकीट काढलेल्या आजोबांना त्यांची आवडती पदं मिळतीलच. पण शेजारी बसलेल्या नातीला एवढं तरी कळेल की मराठीत आजही कुणीतरी नवी चाल बांधत आहे.

आणि वाचकहो, घरच्या घरी सुरुवात करायला आठ घरं लागत नाहीत. दोन पुरतात, किंवा एकच घर आणि त्यातली दोन माणसं. मुलाला किंवा मुलीला एवढंच विचारा, की तू सध्या कोणता नवीन अल्बम ऐकतो आहेस? मग तो पूर्ण ऐका, फोन बाजूला ठेवून, मध्ये न बोलता. नावडला तर कारणासकट सांगा. पुढच्या रविवारी तुमची पाळी, पण अट तीच : यंदाचं किंवा गेल्या वर्षीचं. शोधावं लागेल. सापडलं की त्याचं नाव आणि तुमचं बरं-वाईट मत चार ओळींत या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. सर्वांची मतं एकत्र छापली तर पुढच्या अंकात आपल्या सगळ्यांना ऐकायला एक यादी होईल. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या पत्रांसोबत मात्र एक डॉलर जोडावा!